जमीन थांबली, धडधड का थांबेना?

१० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्हा ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला आणि लोक घराबाहेर धावले. अशा वेळी मेंदूचा संदेश मज्जातंतूंतून क्षणार्धात मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना मिळतो. अ‍ॅड्रेनालिन रक्तात मिसळते, हृदय धडधडते, स्नायूंना जादा रक्त मिळते. पाठोपाठ पीयूषिका ग्रंथीच्या इशाऱ्यावर कॉर्टिसॉल स्रवते आणि रक्तातील साखर वाढते. मज्जातंतूंचा संदेश लगेच संपतो. संप्रेरकांचा अंमल रेंगाळतो. म्हणूनच जमीन स्थिरावली तरी धडधड चालू राहते.

वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात वर्षानुवर्षे जमिनीतून गूढ आवाज येतात. धास्ती रोजचीच झाली, की झोप उडते, रक्तदाबही वाढू शकतो. दीर्घ, संथ श्वासाने धडधड ओसरायला मदत होते. छातीत दुखल्यास मात्र ‘भीतीमुळे असेल’ म्हणत अंगावर काढू नये. तातडीने दवाखाना गाठावा.