भोंगा थांबल्यावर : गिरणगावाने बेकारी कशी पेलली
(लेखमाला : बदलते अर्थकारण आणि सामान्य माणूस – लेखांक सहावा)

मागील लेखांकात रोजगार हमी योजनेचा विचार करताना असे दिसून आले की, दुष्काळात शेतमजुराचे काम बुडाले तर त्याला दुसरे काम पुरवण्याची जबाबदारी महाराष्ट्र शासनाने १९७७ च्या कायद्याने स्वतःवर घेतली. ही जबाबदारी ग्रामीण भागापुरती होती. शहरातील कारखाना बंद पडल्यावर त्यातील कामगाराने काय करावे, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते आणि ते ज्याचे त्यालाच शोधावे लागत होते. मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे परळ, लालबाग, शिवडी, नायगाव, वरळी, भायखळा या पट्ट्यात, १९८२ नंतर हजारो कुटुंबांवर ही वेळ एकदमच आली. बेकारी आल्यावर सामान्य माणूस नेमका कशाच्या आधाराने उभा राहतो, हे या पट्ट्याइतके स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी पाहता येते.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली, आणि पुढील सव्वाशे वर्षांत या उद्योगाने शहराला त्याचा कामगारवर्ग, त्याच्या चाळी आणि त्याची दिनचर्या दिली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली साठच्या आसपास गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. वेतनवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे या मागण्यांबरोबरच, एका उद्योगात एकाच संघटनेला मान्यता देणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द व्हावा, अशीही त्यांची मागणी होती. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. काही गिरण्या कमी माणसांवर पुन्हा सुरू झाल्या, काही रखडत चालून बंद पडल्या, आणि कापड विणण्याचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे अधिकाधिक सरकत गेले. संपाच्या अपयशाचा दोष कोणाकडे जातो, याची चर्चा विपुल झाली आहे. पगार थांबल्यावर घर कसे चालले, याची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली आहे.

या प्रश्नाकडे वळताना प्रथम एक समज बाजूला ठेवला पाहिजे. गिरणीकामगार सुरक्षित नोकरीतून एकाएकी असुरक्षिततेत फेकला गेला, हे वर्णन कायम कामगाराला बऱ्याच अंशी लागू पडत असले, तरी गिरणीच्या दारात प्रत्येक पाळीला ‘बदली’ म्हणून उभ्या राहणाऱ्या माणसाला ते लागू पडत नाही. बदली कामगार म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, किंवा त्याच्या खात्यात काम मिळणारा कामगार. दार उघडण्याच्या वेळी त्याने हजर राहायचे, नाव पुकारले गेले तर आत जायचे आणि न पुकारले गेले तर चाळीकडे परतायचे, असा हा क्रम अनेकांच्या बाबतीत वर्षानुवर्षे चाले. भरभराटीच्या काळातही बेकारी गिरणीच्या दाराशी अशी रोज उभी असे. काम नसलेले दिवस काढण्याची रीत गिरणगावाने संपाच्या फार आधी बसवली होती, आणि त्या रीतीचे दोन मुख्य आधार होते : गाव आणि खाणावळ.

गिरणीकामगारांचा मोठा भाग कोकणातून, विशेषतः तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, आणि घाटावरील सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांतून आलेला होता. कोकणातील भाताचे लहान तुकडे कुटुंबाचे वर्षाचे पोट भरण्यास अपुरे पडत, म्हणून पुरुष मुंबईला येई आणि दर महिन्याला मनीऑर्डर पाठवी. बायको, आईवडील आणि मुले बहुधा गावी राहत व शेती सांभाळत. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारवर्गाच्या अभ्यासात दाखवून दिले आहे की, गावाशी टिकलेले हे नाते मागासलेपणाचे लक्षण नव्हते. शहरातील अनिश्चित रोजगारावरचा तो कामगाराने जाणूनबुजून जपलेला उतारा होता. १९२८ च्या दीर्घ संपात कामगार गावी गेल्यामुळेच संप तग धरू शकला, आणि १९८२ मध्येही पहिल्या काही महिन्यांत हेच घडले. मनीऑर्डरची दिशा त्या वर्षी उलटली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. कारण मुंबईतून गावी पैसा जाण्याऐवजी गावाकडचे तांदूळ आणि नाचणी मुंबईत उरलेल्यांसाठी येऊ लागली.

गावाचे नाते शहरातही एका ठोस स्वरूपात हजर होते. एकाच गावचे पुरुष मिळून चाळीतील एखादी खोली घेत, तिचे भाडे वर्गणीतून भरत, भिंतीलगत आपापल्या ट्रंका ठेवत आणि पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत. ज्याचे काम गेले त्याची वर्गणी काही काळ इतरांनी भरायची, आजारी माणसाला गावी पोहोचवायचे, मृताच्या अंत्यविधीचा खर्च उचलायचा, हे अशा खोलीच्या गावकरी मंडळाचे अलिखित नियम होते. अर्थशास्त्राच्या भाषेत यास जोखमीची वाटणी म्हणता येईल, म्हणजे एकावर येऊ शकणारे संकट अनेकांनी आधीच थोडेथोडे वाटून घेणे. अशा वाटणीची मर्यादाही तिच्या रचनेतच असते. वीस जणांच्या खोलीत एकाचे काम गेले तर उरलेले एकोणीस जण त्याला सांभाळू शकतात. विसाच्या विसांचे काम एकाच सोमवारी थांबले, तर वाटून घ्यायला संकटाशिवाय काहीच उरत नाही.

दुसरा आधार खाणावळीचा. घरदार गावी ठेवून आलेल्या या पुरुषांना जेवू घालणाऱ्या बायका ‘खाणावळवाल्या’ म्हणून ओळखल्या जात, आणि त्यांचा व्यवसाय स्वतःच एका जुन्या बेकारीतून वाढला होता, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत गिरण्यांतील दर पाच कामगारांमागे साधारणपणे एक स्त्री होती. पुढे सूत गुंडाळण्याच्या कामांत यंत्रे आली, रात्रपाळीत स्त्रियांना काम देण्यास बंदी झाली, १९२९ च्या कायद्याने प्रसूतिलाभ देणे मालकांवर बंधनकारक झाल्यानंतर स्त्रियांना कामावर ठेवणे त्यांना महाग वाटू लागले, आणि हे प्रमाण घसरत घसरत नगण्य झाले. गिरणीतून बाहेर पडलेल्या स्त्रियांपैकी अनेकींनी दहा-बाय-दहाच्या खोलीत पाच-दहा माणसांचा स्वयंपाक सुरू केला. १९८२ मध्ये पुरुषांवर जे आले, ते गिरणगावातील स्त्रियांवर दोन पिढ्या आधीच येऊन गेले होते. तेव्हा त्याची बातमी झाली नव्हती, इतकाच फरक.

खाणावळीचे अर्थकारण उधारीवर चाले. कामगार महिनाभर जेवत आणि पगाराच्या दिवशी पैसे देत. तोपर्यंत खाणावळवाली वाण्याकडून उधारीवर धान्य, तेल आणि मीठमसाला उचले, आणि कमी पडेल तेथे जबर व्याजाने सावकाराकडून पैसे घेई. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाचे महत्त्व या साखळीच्या संदर्भातच कळते. तारण देण्यास काहीही नसलेल्या या स्त्रियांचे गट बांधून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे आणि त्यांची सावकारी व्याजातून सुटका करण्याचे काम मंडळाने केले. बचत गट हा शब्द सर्वतोमुखी होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. १९८२ मध्ये पगार थांबले, तेव्हा या साखळीचा पहिला दुवा तुटला आणि धक्का उलट दिशेने खाणावळवालीपर्यंत व तिच्यामार्फत वाण्यापर्यंत पोहोचला. तरीही अनेक खाणावळी तत्काळ बंद झाल्या नाहीत. ज्याने दहा वर्षे दर महिन्याला पैसे चुकते केले त्याला दोन-चार महिने उधारीवर जेवू घालणे, हा त्या व्यवसायातील धर्म मानला जाई. संप लांबला त्याचे श्रेय कामगारांच्या जिद्दीला दिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या जिद्दीचा शिधा काही प्रमाणात या स्त्रियांनी पुरवला, हेही तितक्याच ठामपणे नोंदवले गेले पाहिजे.

गाव आणि खाणावळ या दोन्ही आधारांचे एक समान लक्षण येथे ध्यानात येते. ते काम चालू असतानाच उभे राहिलेले होते. मनीऑर्डर नियमित गेली म्हणून गावातील हक्क शाबूत राहिला, वर्गणी भरली म्हणून खोलीतील जागा राहिली, पैसे चुकते केले म्हणून उधारी मिळाली. बेकार माणूस ज्यावर जगतो ती पूर्वीच्या कामाने साठवलेली पत असते, आणि पत ही इतर कोणत्याही साठ्याप्रमाणे वापरली की संपते. संप वर्षाच्या पलीकडे गेला, तेव्हा हा साठाही बहुतेकांच्या बाबतीत आटला होता.

त्यानंतर जे मिळेल ते काम, ही अवस्था आली. साचेखात्यात वीस वर्षे काढलेला माणूस भाजीची हातगाडी ढकलू लागला, कोणी वडापावची गाडी लावली, कोणी रखवालदार झाला, कोणी भिवंडीच्या यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत नगावर मजुरी घेऊ लागला. या कामांना अर्थशास्त्रात अनौपचारिक क्षेत्र म्हणतात. नेमणूकपत्र, ठरावीक पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा यांपैकी काहीही नसलेले काम, असा त्याचा अर्थ. घानामधील आक्रा शहरातील गरिबांच्या कमाईचा अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ कीथ हार्ट यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस ही संज्ञा रूढ केली. तिच्याही आधी, १९३६ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी प्रच्छन्न बेकारीची कल्पना मांडली होती. कुशल कामगाराला त्याच्या कौशल्याचे काम न मिळाल्यामुळे तो पडेल ते कमी मोलाचे काम करू लागतो आणि त्यामुळे त्याची बेकारी झाकली जाते, असा तिचा आशय आहे. भाजीवाल्या विणकराचे वर्णन यापेक्षा नेमक्या शब्दांत करता येणार नाही.

आजच्या आकडेवारीतही ही झाकलेली बेकारी झाकलेलीच राहते. २०१७-१८ पासून होत असलेल्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात ‘चालू साप्ताहिक स्थिती’ या मोजपट्टीनुसार, मागील सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी किमान एक तास काम केलेली व्यक्ती रोजगारात आहे असे धरले जाते. भाजीची गाडी लावणारा त्यात ‘स्वयंरोजगारित’ ठरतो आणि पहाटे मंडईतून भाजी आणून ती निवडून देणारी त्याची पत्नी घरच्या उद्योगातील बिनपगारी मदतनीस म्हणून, पण रोजगारात असलेली म्हणूनच, मोजली जाते. मोजणीसाठी काही व्याख्या लागते हे मान्य केले, तरी बेकारीचा दर कमी आहे यावरून लोकांचे बरे चालले आहे, असा निष्कर्ष काढणे गैर आहे. ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याला बेकार राहणेही परवडत नाही.

घराच्या आत हा भार कसा वाटला गेला, हे मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी संकलित केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासातून आणि जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकातून मराठी वाचकांना परिचित आहे. स्त्रियांनी धुणीभांडी, शिलाई, घरबसल्या मिळणारी वेष्टने भरण्याची कामे पत्करली. मोठ्या मुलाची शाळा सुटली आणि मुलीची त्याच्या आधी सुटली. गिरणगावातील तरुण गुन्हेगारी टोळ्यांकडे वळले, हे चित्र चित्रपटांनी इतके गडद केले आहे की, त्यापुढे बाकी काही दिसेनासे होते. असे तरुण होते, हे खरे. परंतु दुकानात, कुरिअर कचेरीत किंवा सुरक्षारक्षकाच्या गणवेशात बारा तास उभे राहून घर चालवणाऱ्या मोठ्या संख्येवर त्या चित्राने अन्याय केला आहे.

पुढे स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. ठरावीक रक्कम घेऊन मुदतीपूर्वी नोकरी सोडण्याचा हा पर्याय नावापुरताच स्वेच्छेचा होता, कारण बंद पडलेल्या गिरणीत न सोडण्याचा पर्याय कोणाकडेच नव्हता. आलेली रक्कम बहुधा सावकाराचे देणे, मुलीचे लग्न आणि गावच्या घराची दुरुस्ती यांत गेली. या खर्चाला उधळपट्टी म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, ज्या उधारीवर कुटुंब जगले होते तिची ती परतफेड होती.

गिरण्या गेल्यावर उरलेली त्यांची जमीन सुमारे सहाशे एकर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार ती मालक, महापालिका आणि म्हाडा हे राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण यांच्यात साधारणपणे सारखी वाटली जायची होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली. कामगारांच्या घरांसाठीची जागा त्यामुळे आक्रसली. म्हाडाने जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली, तर घरासाठी अर्ज करणारे कामगार आणि वारस सुमारे दीड लाख होते. त्यांपैकी अनेक मूळ कामगार आज हयात नाहीत आणि त्यांच्या वतीने मुले-नातवंडे कागद घेऊन फिरत आहेत.

या घरांसाठी पात्रता ठरते ती १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या नोकरीत असल्याच्या पुराव्यावरून. ज्या स्त्रीने त्या वर्षी दहा संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातले, तिचे नाव कोणत्याही गिरणीच्या हजेरीपटावर नाही. तिचा हिशेब असलाच तर एखाद्या जुन्या वहीत आहे. या लेखमालेच्या वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा गावच्या घरी खाणावळीची, गावकरी मंडळाच्या वर्गणीची किंवा वाण्याच्या उधारीची अशी वही पडून असेल, त्यांनी ती रद्दीत घालू नये.