‘ट्रेस’ म्हणजे किती?

बिस्किटाच्या वा चॉकलेटच्या वेष्टनावर घटकांच्या यादीखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते: यात अमुक पदार्थाचे ‘ट्रेसेस’ असू शकतात. अमुक म्हणजे कधी शेंगदाणे, कधी दूध. परदेशी मालावर अंडेही. ती वाचून आपल्या घरांत कोणी ‘नाममात्रच ना’ म्हणून दुर्लक्ष करतो, तर कोणी अंडे घातलेलेच आहे असे समजतो. दोन्ही अर्थ बरोबर नाहीत.

इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थ माग, पाऊलखूण. जनावर निघून गेले, मातीत ठसा उरला, तो ट्रेस. त्यावरूनच ‘लेशमात्र’ हा अर्थ आला. आपल्या शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात, म्हणजे वेधशाळेत, मोजता न येण्याइतक्या पावसाला ‘ट्रेस’ म्हणतात. तेथे पाऊस निश्चित पडलेला असतो, केवळ मापात येत नाही. वेष्टनावरील ट्रेस मात्र शक्यतेपुरता असतो. त्याच यंत्रावर आधी दुसरा माल निघाला असेल, तर त्याचा कण राहिला असण्याचा संभव, एवढेच ती ओळ सांगते. ती ॲलर्जी असलेल्यांसाठी आहे, व्रतींसाठी नव्हे. आणि तिच्यात प्रमाण लिहिलेले नसते.

प्रमाण ठरलेले आहे ते सल्फाइटचे. 2020च्या लेबलविषयक नियमांनुसार ते किलोमागे 10 मिलिग्रॅम वा अधिक असल्यास जाहीर करावे लागते. सुक्या मेव्याच्या व्यापाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. सराफी मापात सांगायचे तर तोळ्याच्या 96 गुंजा, गुंज सुमारे 121 मिलिग्रॅमची. म्हणजे किलोभर जर्दाळूत गुंजेचा बारावा हिस्सा!

माझ्या मते ट्रेसपेक्षा अधिक घोटाळा हिरव्या चिन्हाने होतो. त्याच नियमांत मांसाहारी पदार्थांच्या व्याख्येतून दूध व मध वगळले आहेत. त्यामुळे आपल्याकडे अभक्ष्य मानलेला मध हिरव्या चिन्हाखाली विकला जातो. बटाटा, लसूण तर जातातच. ‘जैन आहे का?’ या गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला केवळ ते चिन्ह दाखवून उत्तर देता येत नाही, घटकांची यादी वाचावीच लागते.

ट्रेसचा त्याग किती कडक पाळावा, हे ज्याने त्याने आपल्या पच्चक्खाणाप्रमाणे गुरुमहाराजांना विचारून ठरवावे. दुकानदाराने मात्र उत्पादकाकडून एक गोष्ट लेखी मागवावी: ज्या यंत्रावर हा माल निघतो, त्यावर अंड्याचाही माल निघतो काय?