न्यूमोनियाचे जीवाणू औषधाला दाद का देत नाहीत?

"शरीराला औषधाची सवय झाली, म्हणून ते लागू पडत नाही," असे उत्तर वर्गात हमखास मिळते. ते चूक आहे. बदलते ते शरीर नव्हे, जीवाणूंची वस्ती.

जालना जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना याचे उदाहरण शेतातच सापडेल. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यातील प्रथिनाने बहुतेक बोंडअळ्या मरत. ज्या तगल्या त्यांचीच प्रजा वाढली, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने मराठवाडा-विदर्भात बोंडे पोखरली. न्यूमोनियाचा एक प्रमुख जीवाणू, न्यूमोकॉकस, याच वाटेने गेला; मात्र फार वेगाने. दर अर्ध्या तासाला तो दुप्पट झाला, तर दहा तासांत एकाचे दहा लाखांहून अधिक होतात.

शिवाय तो गुण उसनेही घेतो. १९२८ साली ग्रिफिथ यांनी उष्णतेने मारलेले घातक आणि जिवंत निरुपद्रवी न्यूमोकॉकस एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले! मृत जीवाणूंचा गुण जिवंतांनी उचलला होता. अशाच रीतीने तोंडातल्या इतर जीवाणूंचे डीएनएचे तुकडे घेऊन न्यूमोकॉकसने पेनिसिलिन ज्यांना चिकटते ती प्रथिनेच बदलली.

याची किंमत काय? गडचिरोलीत गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी बाळांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखला, को-ट्रायमोक्झॅझोल दिले आणि बालमृत्यू घटले. डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी हे काम १९९० साली प्रसिद्ध केले. पुढे न्यूमोकॉकस या स्वस्त औषधाला जुमानेनासा झाला. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याऐवजी अमॉक्सिसिलिन सुचवले. तेही निकामी झाले, तर खेड्यात तोंडावाटे देण्याजोगी औषधे थोडीच उरतील.

न्यूमोकॉकस निरोगी मुलांच्या नाका-घशातही राहतो. सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर प्रतिजैविक घेतल्यास सर्दी हटत नाही; नाकातले साधे न्यूमोकॉकस मात्र मरतात, प्रतिरोधक उरतात आणि शिंकेबरोबर घरातल्या तान्ह्या बाळापर्यंत पोहोचतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय प्रतिजैविक नको. दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने या वयात न्यूमोकॉकसची लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. महाराष्ट्रात ती २०२१ पासून सुरू झाली.

वर्गात करून पाहा : ज्वारीचे ९५ आणि मक्याचे ५ दाणे मिसळून चाळा. ज्वारी गळेल, मका उरेल. उरलेले दाणे दर फेरीला दुप्पट करा. शंभरी पुन्हा भरायला किती फेऱ्या लागल्या, आणि आता त्यात ज्वारी किती, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.