बैलजोडी विकावी की राखावी? : दुष्काळातील जमाखर्चाचा विचार

दुष्काळपीडितांस साह्य करणारे व्यापारी, जमीनदार व इतर उदार सद्गृहस्थ आम्हांस असे विचारितात की, आमचा रुपया कोणत्या कामी दिला असता अधिक सार्थकी लागेल? प्रश्न योग्य आहे. दुकानात पैपैचा हिशेब ठेवणाऱ्याने दानधर्मात हिशेब विसरावा, असे आम्ही म्हणत नाही. मात्र हिशेब करावयाचा तर तो पुरा केला पाहिजे.

कोणत्याही गोष्टीची खरी किंमत तिच्यासाठी मोजलेल्या रुपयांइतकीच नसते. तोच पैसा, तोच वेळ दुसरीकडे लावला असता जे मिळते व ज्यावर आपण पाणी सोडतो, तेही त्या किंमतीतच धरावे लागते. स्वतःच्या गाळ्यात दुकान मांडणारा व्यापारी आपणांस भाडे पडत नाही असे समजतो. परंतु तो गाळा दुसऱ्यास दिल्याने जे भाडे आले असते, तेच त्याचे भाडे होय.

देवळाली कॅम्पाहून पाहिले असता हा विचार विशेष स्पष्ट होतो. पश्चिमेस इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षास तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. पूर्वेस सिन्नर, येवला, नांदगाव हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. १९१६ साली पुऱ्या झालेल्या दारणा धरणाचे पाणी याच बाजूने नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याकडे जाते. एकाच जिल्ह्यात इकडे गवत, तर तिकडे रिकामी दावण, अशी स्थिती असते.

समजा, सिन्नरकडील एका शेतकऱ्याचा कडबा माघातच संपला. फाल्गुन ते ज्येष्ठ असे १२० दिवस बैलजोडी पोसावयाची आहे. २०१९ च्या दुष्काळात सरकारने चारा छावण्यांस मोठ्या जनावरामागे दररोज ९० व पुढे १०० रुपये अनुदान दिले. १०० रुपयांचा दर धरिला तर जोडीचा खर्च २४,००० रुपये होतो. आता दुसरी बाजू पाहू. सर्वच शेतकरी एकदम बाजारात आल्याने जोडीस ४०,००० रुपये मिळतात. पाऊस पडताच सर्वांस बैल हवे असल्याने तीच जोडी ७५,००० रुपयांस पडते, असे धरू. म्हणजे विकण्याची किंमत ३५,००० रुपये झाली. राखण्यात ११,००० रुपयांचा लाभ दिसतो.

परंतु येथे एक रक्कम लिहावयाची राहिली. छावणीत जनावरांपाशी घरचा एक माणूस बसतो. त्याची मजुरी रोजची २५० रुपये धरली, तर १२० दिवसांची ३०,००० रुपये बुडाली. एकूण खर्च ५४,००० रुपयांवर जाऊन राखण्याचा व्यवहार तोट्याचा ठरतो. तेच पाच घरांनी पाळीपाळीने राखण केली, तर प्रत्येकाचे २४ दिवस, म्हणजे ६,००० रुपयेच बुडतात. एकूण ३०,००० रुपये होऊन लाभ पुन्हा बैल राखण्याकडे झुकतो. चारा तोच, अनुदान तेच. फरक केवळ व्यवस्थेचा. म्हणून चाऱ्यास दिलेल्या देणगीपैकी थोडी रक्कम राखणदारांच्या सोयीस लावणे हा अपव्यय नव्हे. जोडी म्हातारी असेल, अथवा गावात नांगरटीस ट्रॅक्टर स्वस्तात भाड्याने मिळत असेल, तर मात्र विकणेच शहाणपणाचे ठरेल. सर्वांस एकच सल्ला लागू पडत नाही.

अपुऱ्या हिशेबाचे मोल किती भयंकर असते, हे १८७७ साली दिसून आले. सर रिचर्ड टेंपल यांनी खजिन्याची बचत व्हावी म्हणून दुष्काळी कामावरील मजुरी दररोज एका पौंड धान्याच्या मानाने बसविली. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी तीस तीव्र विरोध केला, व त्याच वर्षी मद्रास सरकारास मजुरी वाढवावी लागली. वाचलेला पैसा खात्यावर दिसत होता. झिजलेली शरीरे कोणत्याच खात्यावर दिसत नव्हती.

उलट १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात सुमारे ५० लक्ष माणसे एका वेळी सरकारी कामांवर होती. पुढे १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला व १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. शहरातील कमाईचा अंश खेड्यातील मजुरीस लागला. तेथेही निवड करावयाची होतीच. खडी फोडून घेणे तात्काळ सुरू होते, पण खडीचे ढीग पडून राहतात. बांध किंवा पाझर तलावास आखणीचा वेळ लागतो, पण त्यात पुढील वर्षांचे पाणी मुरते. भुकेल्यास वाट पाहावयास लावता येत नाही; म्हणून आखणी दुष्काळापूर्वीच तयार असली पाहिजे.

यावरून आमची विनंती अशी. ज्यांस देणे आहे त्यांनी ज्येष्ठात न देता फाल्गुनात द्यावे. बैल विकला गेल्यावर आलेल्या रुपयाने तो परत येत नाही. ज्या जमीनदारांपाशी गवताच्या गंजी आहेत त्यांनी भाव चढण्याची वाट न पाहता काही भाग आजच्या भावाने सोडावा. ज्या व्यापाऱ्यांच्या मालमोटारी पूर्वेकडे रिकाम्या जातात त्यांनी त्यांत चारा भरू द्यावा. यात त्यांस थोडे इंधन व भरणावळ एवढाच जास्त खर्च येतो, पण गरिबाचे पुरे भाडे वाचते. देणाऱ्यास अल्प व घेणाऱ्यास मोठे, असे दान शोधून काढणे हेच हिशेबी माणसाचे खरे औदार्य होय.