तळघरातला लयकार

वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन संस्थेचं आफ्रिकन अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथल्या संगीत संग्रहात एक अकाई कंपनीचं यंत्र आहे, एमपीसी 3000. छोटा पडदा, बटणांची गर्दी, फ्लॉपीची खाच आणि चार ओळींत चार-चार असे सोळा रबरी पॅड. जोडीला एक मूग सिंथेसायझरही आहे. दोन्ही वस्तू मॉरीन यान्सी या डेट्रॉइटच्या बाईंनी दिल्या. हिप-हॉपच्या दुनियेत त्यांना सगळे ‘मा ड्यूक्स’ म्हणतात. यंत्रं त्यांच्या मुलाची. बीट बनवणारा हा जेम्स, म्हणजेच जे डिला, 2006 साली बत्तिसावा वाढदिवस झाल्यावर तिसऱ्याच दिवशी गेला.

घर संगीताचंच. आई ऑपेरा शिकलेली, वडील जॅझमध्ये बास वाजवणारे. डेट्रॉइटच्या कॉनंट गार्डन्स वस्तीत अँप फिडलर नावाचे कीबोर्डवादक राहत, जॉर्ज क्लिंटनच्या ताफ्यात वाजवलेले. त्यांच्याकडे एमपीसी 60 होतं आणि वस्तीतल्या पोरांना ते त्यावर हात टाकू देत. जेम्स तिथेच शिकला. पुढे 1994 साली फिडलरनीच ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या हिप-हॉप गटाच्या क्यू-टिपशी त्याची गाठ घालून दिली आणि डेट्रॉइटच्या तळघरातलं काम न्यूयॉर्कच्या कानावर गेलं.

बीट बनवणाऱ्याची खोली म्हटल्यावर सिगरेटचा धूर, वायरींचा गुंता आणि रात्रीचे तीन असं चित्र डोळ्यांसमोर येतं. डिला त्यात बसत नाही. त्याच्या मित्रांच्या सांगण्यानुसार तो सकाळी उठून आधी झाडझूड करायचा, यंत्रं पुसायचा. हे चालू असताना एकीकडे रेकॉर्ड लावलेली असे. कुठला तुकडा उचलण्याजोगा आहे, याचा शोध फडकं हातात असतानाच सुरू व्हायचा. मग बीट करायला बसायचं. गायक, रॅपर मंडळी यायची ती नंतर. मला हा माणूस चांगल्या सुतारासारखा वाटतो. पटाशी जागच्या जागी असल्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही.

यंत्राचं काम समजून घेतलं की ही टापटीप कुठे मुरली ते कळतं. रॉजर लिन या अमेरिकन अभियंत्याने 1988 साली अकाईसाठी एमपीसी 60 घडवलं. 3000 हे त्याचं 1994 सालचं भावंड. रेकॉर्डवरचा आवाजाचा तुकडा आत घ्यायचा, त्याचे काप करायचे, एकेक काप एकेका पॅडवर बसवायचा आणि बोटांनी वाजवायचा. बोट मागेपुढे पडलंच तर यंत्र तो ठोका ओढून जवळच्या ठरलेल्या जागेवर नेतं. त्यासाठी एका मात्रेचे 96 भाग पाडलेले असतात. मिनिटाला 90 मात्रांची लय धरली तर एक भाग साधारण सात मिलिसेकंदांचा. शिवाय ‘स्विंग’ नावाची सोय. जोडीतला दुसरा ठोका किती उशिरा यावा, ते 50 ते 75 टक्क्यांत ठरवायचं. 50 म्हणजे अगदी सरळ, 66 म्हणजे जवळपास तिस्र चाल.

डिलाने दुरुस्तीचं बटण बंद केलं आणि हात जाईल तसं वाजवलं, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. डॅन चार्नस यांनी ‘डिला टाइम’ या 2022 सालच्या पुस्तकात हे फार बारकाईने उलगडलं आहे. एकाच बीटमध्ये त्याने वेगवेगळे हिशेब एकत्र नांदवले. हाय-हॅटची झांज सरळ, दुसरं एखादं वाद्य स्विंगमध्ये, स्नेअर ड्रम मुद्दाम काही भाग अलीकडे सरकवलेला. स्नेअर घाईत आला की पायाने वाजणाऱ्या ड्रमची किक आपोआप रेंगाळल्यासारखी वाटते. ऐकणाऱ्याला लय अडखळल्याचा भास होतो, पण ते अडखळणं मोजूनमापून केलेलं असतं.

‘डोनट्स’बद्दलही अशीच एक कथा चिकटली आहे. हा 31 तुकड्यांचा अल्बम त्याच्या अखेरच्या वाढदिवशी, 7 फेब्रुवारी 2006 रोजी निघाला. त्याला ल्युपस आणि रक्ताचा एक दुर्मीळ आजार होता. त्यामुळे सगळा अल्बम इस्पितळाच्या खाटेवर झाला, असं सांगितलं जातं. चार्नस यांच्या मते बरंचसं काम त्याआधी घरीच, संगणकावर झालं होतं. खाटेची गोष्ट हृदयाला भिडते हे खरं, पण तिच्यापायी माणसाचं रोजचं बसणं झाकलं जातं. त्यातलं ‘डोंट क्राय’ ऐका. आधी एस्कॉर्ट्स या जुन्या गायकवृंदाचा तुकडा जवळपास जसाच्या तसा वाजतो, आणि मग तोच बारीक चिरून, क्रम बदलून पुन्हा येतो. कच्चा माल आधी दाखवायचा, मग कारागिरी. अशी हिंमत फार थोड्यांची.

दुसऱ्याचं गाणं उचलायचं म्हटल्यावर कज्जेही आलेच. 2002 साली डीजे क्विक या निर्मात्याने ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ गाण्यासाठी लतादीदींचं ‘ज्योती’ चित्रपटातलं ‘थोडा रेशम लगता है’ परवानगीविना वापरलं. संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव दिल्याशिवाय विक्री नको, असं लॉस एंजेलिसच्या न्यायालयाला सांगावं लागलं.

डिलाची खरी गंमत मात्र ड्रमवाल्यांना विचारावी. गायक डी’अँजेलोच्या 2000 सालच्या ‘वूडू’ अल्बमवर ड्रमवादक क्वेस्टलव्हने ही यंत्रातली लय हाताने वाजवली, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं कमावलेला नेटकेपणा त्याला मोडावा लागला. आता ड्रम शिकणारी पोरं मेट्रोनोम लावून हे घोटतात. एक प्रचलित उपाय असा: अर्ध्या मात्रेचे पाच भाग करायचे, पहिला ठोका तीन भागांचा, दुसरा दोनांचा. म्हणजे यंत्रावरचा 60 टक्के स्विंग. झपताल अंगात भिनलेल्याला तीन-दोनचा हा हिशेब नवा नाही. त्याला अवघड जाईल ते एवढंच, की एक हात पाचात चालू असताना दुसरा मुकाट्याने चारात ठेवायचा.