गोल्फ खेळा, पण कंबर सांभाळून!

रविवारी सकाळी जालन्यातील कोणत्याही मोकळ्या मैदानावर क्रिकेटचे दोन-तीन डाव एकाच वेळी रंगलेले दिसतात. गोल्फच्या काठ्यांची पिशवी खांद्याला लावून निघालेला माणूस मात्र येथे क्वचितच भेटेल. मराठवाड्यातील बहुतेकांची या खेळाशी ओळख दूरचित्रवाणीपुरती, नाही तर नाशिकच्या ‘गोल्फ क्लब’ मैदानाच्या नावापुरती. त्या मैदानाचे खरे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. आणि तेथे गर्दी असते ती सकाळी फिरायला येणाऱ्यांची व क्रिकेटची. असे असले तरी बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांमुळे जालनेकरांचे पुण्या-मुंबईला जाणे-येणे जुनेच आहे. कधी व्यवसायातील ओळखीमुळे, कधी पुण्यात स्थायिक झालेल्या मुलाच्या आग्रहाने, पन्नाशीच्या उंबरठ्यावर हा खेळ हाती घेणारे आता आपल्याही नात्यागोत्यात निघू लागले आहेत.

त्यांची कहाणी बहुधा एकाच वळणाने जाते. पहिले दोन-तीन महिने उत्साहाचे. हिरवळ, मोकळी हवा, घाम न काढणारा खेळ! चौथ्या महिन्यात सकाळी अंथरुणातून उठताना कंबर धरते. प्रथम वेदनाशामक गोळी, मग कमरेचा पट्टा, मग ‘या वयात हे उद्योग नकोत’ असा घरच्यांचा निर्वाळा. काठ्यांची पिशवी माळ्यावर जाते आणि ज्या एका निमित्ताने गृहस्थ आठवड्यातून दहा हजार पावले चालत होते, तेही संपते. या कहाणीतील दोष खेळाचा नसून पूर्वतयारीच्या अभावाचा असतो, आणि तो दूर करणे फारसे कठीण नाही.

गोल्फ हा निवृत्तांचा, सावकाश खेळायचा खेळ अशी आपली समजूत आहे. चालण्यापुरती ती खरीही आहे. पण चेंडूला फटका मारण्याची क्रिया, म्हणजे ‘स्विंग’, सावकाश मुळीच नसते. काठी मागे नेऊन चेंडूपर्यंत आणण्यास सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. त्यातील खाली येण्याचा भाग तर पाव सेकंदाच्या जवळपास उरकतो. तेवढ्यात काठीचे टोक हौशी खेळाडूच्या हातीही ताशी सव्वाशे ते दीडशे किलोमीटर वेग गाठू शकते. या क्षणी कमरेच्या मणक्यांवर किती भार येतो? १९९० च्या सुमारास अमेरिकेत झालेल्या मोजमापांत तो शरीराच्या वजनाच्या आठपटीपर्यंत भरला होता. धावताना हाच भार साधारण तिप्पट असतो. अठरा ‘होल’च्या एका फेरीत असे पूर्ण ताकदीचे चाळीस-पन्नास फटके बसतात. सराव म्हणून हवेत मारलेले फटके निराळेच.

वाचकांनी येथे शरीररचनेची एक गोष्ट लक्षात घ्यावी. फटका मारताना खांदे जवळजवळ काटकोनात वळतात. एवढे वळण येते कोठून? कमरेच्या पाच मणक्यांना मिळून एका बाजूला जेमतेम दहा-पंधरा अंश वळता येते. निसर्गाने त्यांना भार पेलण्यासाठी घडवले आहे, पीळ सोसण्यासाठी नव्हे. वळणाचे खरे काम खुब्यांचे सांधे आणि छातीमागचे बारा मणके करतात. दिवसाचे आठ-दहा तास गादीवर, खुर्चीत किंवा गाडीच्या चाकामागे बसणाऱ्या माणसाचे नेमके हेच दोन भाग आखडलेले असतात. खुबा वळत नाही, पाठ वळत नाही, पण चेंडू तर लांब मारायचा असतो. मग उरलेले वळण कंबर देते. दोन मणक्यांमधील गादीवर आणि मागच्या लहान सांध्यांवर एकाच दिशेने पुन्हा पुन्हा पीळ बसत जातो. गोल्फमुळे पाठ दुखणाऱ्यांच्या तपासणीत पुढच्या पायाचा, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बाबतीत डाव्या पायाचा, खुबा आतल्या बाजूला कमी वळतो असे अनेकदा आढळते, ते याचमुळे.

क्रिकेटप्रेमींना हे वेगळे सांगायला नको. जालन्याच्या विजय झोलने डिसेंबर २०११ मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. इतकी प्रदीर्घ खेळी केवळ मनगटांवर उभी राहत नाही. तिला पाय, खुबे आणि पोटाचे स्नायू लागतात. रविवारी टेनिस बॉलवर षटकार ठोकू पाहणाऱ्या चाळिशीतल्या फलंदाजाची कंबर आणि नवशिक्या गोल्फपटूची कंबर एकाच कारणाने धरते. तेव्हा गोल्फ न खेळणाऱ्यांनीही पुढचा मजकूर वाचायला हरकत नाही.

कोपर, मनगट आणि टायगर वुड्स

कमरेखालोखाल हौशी खेळाडूंना छळते ते कोपर. कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखण्याला जगभर ‘गोल्फर्स एल्बो’ म्हणतात. गंमत अशी, की अनेक पाहण्यांत गोल्फपटूंनाही बाहेरच्या बाजूचे दुखणे, म्हणजे आपल्याला सचिन तेंडुलकरमुळे परिचित झालेला ‘टेनिस एल्बो’च, अधिक आढळतो. दोन्हींत मूळ एकच. मनगट हलवणाऱ्या स्नायूंच्या कंडरा कोपराच्या हाडाला जेथे चिकटतात, तेथे ताण साचत जातो. काठी गच्च आवळून धरणे आणि चेंडूऐवजी जमिनीवर फटका बसणे ही त्याची नेहमीची कारणे. जमिनीवरील अशा जोरदार आघाताने काठीची मूठ तळहातावर आदळून मनगटातील एक छोटे हाडही मोडू शकते. करंगळीच्या बाजूच्या तळव्यात दाबल्यावर दुखत राहिले, तर ‘मुरगळले असेल’ म्हणून दुर्लक्ष करू नये. साध्या एक्स-रेमध्ये ही मोड सहज निसटते.

जर्मनीतील ७०३ गोल्फपटूंच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाचांपैकी चार दुखापती अचानक न होता अतिवापराने हळूहळू झालेल्या आढळल्या. खेळण्यापूर्वी किमान दहा मिनिटे शरीर तापवणाऱ्यांना दुखापती कमी होत्या, आणि पिशवी स्वतःच्या खांद्यावर वाहणाऱ्यांना कंबर, खांदा व घोटा यांचा त्रास जास्त होता. मेलबर्नमध्ये हजारावर खेळाडूंचे नुसते निरीक्षण केले, तेव्हा जवळपास निम्म्यांनी खेळापूर्वी काहीच केले नाही आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांनी हवेत काठी फिरवून समाधान मानले. आपल्याकडे असे निरीक्षण केल्यास चित्र फार निराळे निघेल असे वाटत नाही.

तंदुरुस्ती असली की सारे निभावते, असेही नाही. टायगर वुड्सइतका व्यायाम करणारा गोल्फपटू त्याच्या पिढीत क्वचितच झाला. तरी २०१४ ते २०१७ या काळात त्याच्या पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील शेवटच्या शस्त्रक्रियेत कमरेचे दोन मणके एकमेकांस जोडावे लागले. त्यानंतर एप्रिल २०१९ मध्ये त्याने ‘मास्टर्स’ स्पर्धा जिंकली, हा पराक्रम खराच. पण व्यावसायिक खेळाडूची पाठ हजारो फटक्यांच्या सरावाने झिजते आणि हौशी खेळाडूची पाठ आखडलेल्या सांध्यांनी व सदोष फटक्याने. दोघांचे औषध एक नाही. वुड्सचा व्यायाम पाहून पन्नाशीत वजने उचलू लागणे हा उपायापेक्षा अपायच ठरेल.

सूर्यनमस्कारात काय आहे, काय नाही

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात. नाशिकजवळच्या टाकळीत साधना करताना ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत, असे परंपरा सांगते. आकडा बाजूला ठेवला, तरी हा व्यायाम आपल्या घराघरांत रुजलेला आहे आणि गोल्फपटूलाही उपयोगी आहे. त्यात पाठीचा कणा पुढे-मागे वाकतो, मांडीमागचे स्नायू ताणले जातात, एक पाय मागे टाकताना खुब्याच्या पुढचा भाग मोकळा होतो, खांदे व दंड भार पेलतात. मात्र त्याच्या बाराही स्थितींत शरीर कोठेही पिळत नाही. गोल्फ तर साराच पिळाचा खेळ! म्हणून नुसत्या सूर्यनमस्कारांवर विसंबणाऱ्याची तयारी अर्धीच राहते.

उरलेली अर्धी तयारी घरच्या घरी होण्यासारखी आहे. खुर्चीत ताठ बसून, गुडघ्यांत उशी दाबून, हात छातीवर दुमडावेत आणि कंबर न हलवता खांदे एकेका बाजूला वळवून पाहावेत. काटकोनाच्या निम्मेही वळता येत नसेल, किंवा दोन बाजूंत ठळक फरक असेल, तर पाठ आखडली आहे असे समजावे. त्यासाठी कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजावे. वरचा हात पुस्तकाचे पान उलटावे तसा मागे न्यावा, नजर हाताबरोबर जाऊ द्यावी. दोन्ही कुशींवर दहा-दहा वेळा. वक्रासन सावकाश केले तरी चालते, पण हाताच्या जोराने कंबर ओढून पिळू नये. खुब्यांसाठी पाठीवर निजून, गुडघे दुमडून, पाय थोडे फाकवून दोन्ही गुडघे आलटून-पालटून आत-बाहेर झुकवावेत.

सांधे मोकळे करण्याइतकेच त्यांना आवरून धरणारे बळही हवे. सेतुबंधासनाने नितंबांचे स्नायू जागे होतात. प्लँक, कुशीवरचा प्लँक, तसेच हाता-गुडघ्यांवर ओणवे होऊन उजवा हात व डावा पाय एकाच वेळी सरळ लांबवणे, या तीन व्यायामांनी कमरेभोवती स्नायूंचा जणू पट्टाच तयार होतो. हा पट्टा औषधाच्या दुकानातील पट्ट्यापेक्षा केव्हाही सरस. तालमीतल्या बैठका पायांसाठी उत्तम. मात्र गुडघे कुरकुरत असतील तर खोल बैठक टाळून खुर्चीवरून उठ-बस करावी. मुद्गल फिरवण्याची कला आपल्याकडे आता थोड्याच आखाड्यांत उरली आहे. खांदे आणि पाठ यांना पिळाची सवय लावणारा इतका चांगला व्यायाम आपण विसरलो, याची खंत वाटते. अर्थात तो जाणकाराकडूनच शिकावा आणि हलक्या मुद्गलाने आरंभ करावा.

कोपरासाठी तर पाण्याची अर्धा लिटरची बाटली पुरते. हाताचा पुढचा भाग टेबलावर टेकवून मनगट बाहेर काढावे, दुसऱ्या हाताच्या मदतीने बाटली वर न्यावी आणि तीन-चार सेकंद घेत हळूहळू खाली सोडावी. तळवा वर ठेवून पंधरा वेळा, खाली ठेवून पंधरा वेळा. कंडरांना बळ मिळते ते मुख्यतः या सावकाश सोडण्याने. हे सारे आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटे केले तरी सहा ते आठ आठवड्यांत फरक जाणवू लागतो. पहिल्या आठवड्यात उत्साहाने तासभर करून दुसऱ्या आठवड्यात सोडून देण्यात काही अर्थ नाही.

मैदानावर

जालन्याहून पुण्यापर्यंत चार-पाच तास गाडी चालवत जाऊन थेट पहिल्या फटक्यासाठी उभे राहणे, याहून कमरेवर मोठा अन्याय नाही. दहा मिनिटे हातची ठेवावीत. प्रथम चार-पाच मिनिटे झपझप चालावे. एका हाताने आधार धरून पाय पुढे-मागे व आडवे झुलवावेत, काठी खांद्यांमागे आडवी धरून दोन्हीकडे वळावे. मग आखूड काठीने अर्धे फटके, आणि सर्वांत शेवटी लांब पल्ल्याची काठी. थंड स्नायू मिनिट-मिनिट ताणून धरण्याची जुनी पद्धत खेळाच्या आधी नको. ती खेळ संपल्यावर करावी. पिशवी चाकांच्या गाडीवर ठेवावी, उचलायचीच तर दोन्ही खांद्यांवर भार वाटला जाईल अशी घ्यावी. होलमधला चेंडू उचलताना काठीचा आधार घेऊन एक पाय मागे उचलत झुकावे. अठरा वेळा कमरेतून वाकणे वाचते.

उन्हाचेही भान हवे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. चार तासांची फेरी सकाळी लवकर आटोपावी आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे. थकलेला, पाणी कमी पडलेला स्नायू शेवटच्या पाच-सहा होलना दगा देतो. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे, त्यांनी खेळ सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

गोळी घेऊन खेळणे ही सवय तर सर्वस्वी घातक. वेदना हा इशारा असतो. तो दाबून मारलेला प्रत्येक फटका इजा वाढवतो. खेळानंतरचे अंगदुखणे दोन दिवसांत ओसरले तर चिंता नको. पण दुखणे कमरेतून पायात उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, रात्री झोपमोड होत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. पायांतील जोर गेला किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

इतका खटाटोप करून हा खेळ खेळावाच का, असा प्रश्न पडेल. स्वीडनमध्ये सुमारे तीन लाख गोल्फपटूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांचा मृत्यूदर समवयस्क व समान आर्थिक स्तरातील इतरांपेक्षा बराच कमी आढळला. हे सारे श्रेय गोल्फचेच असे म्हणता येणार नाही. मुळात धडधाकट माणसेच मैदानावर जातात. पण एका फेरीत सात-आठ किलोमीटर चालणे होते, हे तर उघडच आहे. म्हणून कंबर बरी झाल्यावर पिशवी माळ्यावरून खाली काढायला हरकत नाही. पहिले दोन आठवडे फक्त जवळचे, हलके फटके खेळावेत. नंतर आखूड काठीने नऊ होल, तेही एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना कंबर कुरकुरली नाही, तरच लांब पल्ल्याच्या काठीला हात लावावा.