बिघडलेल्या कार्डातले फोटो

कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर फोटो एका जागी असतो आणि त्याची नोंद दुसऱ्या जागी. 32 जीबीपर्यंतच्या कार्डांत ही नोंद सहसा फॅट32 पद्धतीने ठेवली जाते, त्याहून मोठ्या कार्डांत एक्सफॅट पद्धतीने. फोटो लिहिला जात असतानाच बॅटरी संपली किंवा कार्ड उपसले, तर नोंदी विस्कटतात आणि कॅमेरा कार्ड वाचायला नकार देतो. फोटो मात्र बहुतेकदा जागच्या जागी असतात.

फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर या नोंदींकडे न पाहता थेट कार्डावरची माहिती चाळते. प्रत्येक जेपेग फाइल ‘एफएफ डी8’ या दोन बाइटांनी सुरू होते आणि ‘एफएफ डी9’ने संपते. या खुणांवरून फोटो वेगळा काढता येतो. फाइलचे मूळ नाव सहसा परत मिळत नाही, आणि तुकड्यांत विखुरलेला फोटो अनेकदा अर्धाच उघडतो.

खरा धोका असतो तो नव्या फोटोंचा. जुन्या जागेवर नवी माहिती लिहिली गेली, की आधीचा फोटो कायमचा गेला. म्हणून बिघाड दिसताच चित्रण थांबवावे, एसडी कार्डाच्या कडेचे लॉक सरकवावे, संपूर्ण कार्डाची प्रत संगणकावर घ्यावी आणि शोध त्या प्रतीवरच चालवावा. सापडलेले फोटो त्याच कार्डावर साठवू नयेत.